मॉस्कविचचे शॉकअप आणि नुरझातचं कुमीस

कोचकोर, रविवार

आदरणीय तुर्दुबाई मामांस जोल्दोशचा वाकून सलाम. मामी, नातवंडं, घोड्या, मेंढ्या आणि तुमचा डावा गुडघा, सगळे चालते-फिरते आहेत ना? इकडे माणसं बरी आणि जनावरं माणसांपेक्षा बरी.

तुम्ही बसवाल्याबरोबर पाठवलेले चारही शॉकअप पोचले. माझ्या जुन्या मॉस्कविचचे (जिला नुरझात आपली थोरली सवत म्हणते) शॉकअप कधीच वारले होते. मागून दाबून सोडली की गाडी मान डोलवत बसायची. बोल्ट असे गंजलेले, की रॉकेल पाजलं, हातोडीने समजावलं, शेवटी शिव्या घातल्या तेव्हा सुटले. जुना शॉकअप हाताने दाबला तर आत गेला तो गेलाच. तेल केव्हाच गळून गेलेलं. मग इतकी वर्षं आत होतं तरी काय, म्हणून एक कापून बघायला निघालो होतो, तेवढ्यात जेवायची हाक आली म्हणून तो वाचला. नवे बसवल्यावर मात्र खड्डा कधी आला नि गेला कळेना. मी खुशीत.

आणि त्याच आठवड्यात नुरझातचं घोडीच्या दुधाचं आंबवलेलं कुमीस बिघडलं. घोड्या त्याच, पिंप तेच, घुसळणारे हात तेच, पण दूध मिळमिळीत. फेस नाही, झणका नाही. त्यात शुक्रवारी आमच्या आइझादाच्या कानात सोयरिकीचे डूल घालायला व्याही येणार. होणारी विहीण अशी, की एका घोटात घोडी कुठल्या कुरणात चरली ते सांगते! नुरझात रडकुंडीला आली. शेजारचा असनाली म्हणाला, "नजर लागलीय वहिनी, धुरी द्या." दिली. घर खोकलं, कुमीस ढिम्म.

मला चैन पडेना. नेमकं बदललं काय? पिंप रोज कुरणावरून खाली येतं ते मॉस्कविचच्या डिकीतून... आणि माझी ट्यूब पेटली. अहो मामा, इतकी वर्षं ती दगडांची वाट आणि ते मेलेले शॉकअप मिळून कुमीस घुसळत होते! पण जिच्या हाताचा गुण गावभर गातात, तिला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? "माझेच हात आता म्हातारे झाले हो," असं ती म्हणाली तेव्हा मला फार वाईट वाटलं. तरी गप्पच बसलो (बोललो असतो तर हे पत्र दवाखान्यातून आलं असतं).

शुक्रवारी विहिणीने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक वाडगा मागितला आणि पोरीच्या कानात डूल घातले. म्हणाली, "आईचा हात लेकीत उतरलाच असेल. पुढच्या उन्हाळ्यापासून आमचं कुमीस हिच्याकडे." नुरझात फुलून गेली. आइझादाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

आपला भाचा,
जोल्दोश

ता. क. तुमचे मागचे दोन नवे शॉकअप गुरुवारपर्यंत तरी काढलेले बरे, असं मला बुधवारीच वाटलं होतं. जुनेच पुन्हा चढवलेत. नुरझातजवळ बोलू नका. पुढचे दोन मात्र उत्तम चालताहेत.

आणखी एक. व्याह्यांची गाडी नवीकोरी आहे, पाण्यावरच्या बदकासारखी चालते. पोरीने तिथे कुमीस करायचं कसं? भाच्याने मागितलं तर मामा नाही म्हणत नाही, हा आपला रिवाज तुम्हीच मला शिकवलात. तेव्हा तुमच्या अंगणात जिच्यावर कोंबड्या बसतात, ती मॉस्कविच आइझादाला आहेर म्हणून द्या. कोंबड्या उतरवा, इंजिन बघून घ्या, पण मामा, तुमच्या पाया पडतो, शॉकअपना हात लावू नका.