छापखाना धाकटीलाच

मी, खाली सही करणारा, या गावच्या साप्ताहिकाचा संस्थापक-संपादक व माजी नगराध्यक्ष, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणाच्या दडपणाखाली मी हयातीत ओळ लिहिली नाही, आता काय लिहिणार! मिळकत सारी स्वकष्टार्जित आहे.

१. राहते घर पत्नीच्या हयातीत तिचे. तिच्या पश्चात थोरला मुलगा व धाकटी मुलगी या दोघांचे समसमान. पाण्याच्या नव्या टाकीला तडे गेल्याची बातमी मी छापली, तेव्हा ठेकेदाराची माणसे दगड घेऊन याच दारात आली होती. हिने दार सताड उघडले आणि विचारले, "दगड मारायचेत ना? मग आधी नावं सांगा. छापायला बरं पडेल." एकेक करून सगळे पांगले.

२. छापखाना, यंत्रे व साप्ताहिकाची मालकी धाकट्या मुलीला. टाकीच्या बातमीनंतर जाहिराती बंद झाल्या, यंत्राची मोडतोड झाली. मी शेजारच्या गावात अंक छापून आणला, पण बातमी मागे घेतली नाही. शेवटी नगरपालिकेने टाकी रिकामी केली, आणि त्याच आठवड्यात ती कोसळली. खाली शाळा होती. सुट्टीचा दिवस होता, कोणाला खरचटलेही नाही. पाण्याने भरलेली असती तर शाळेची एक भिंत उरली नसती. पुढची निवडणूक लोकांनीच मला लढायला लावली, आणि निवडूनही दिले.

मी नगराध्यक्ष झालो आणि संपादकाची खुर्ची धाकटीकडे गेली. बस स्थानक गावाबाहेर हलवायचा निर्णय मी घेतला. तिने पहिल्या पानावर अग्रलेख लिहून माझी सालटी काढली. पक्षाची मंडळी धावत आली. "साहेब, पोरीला आवरा!"

मी म्हणालो, "मला कोणी आवरलं असतं, तर तुम्ही आज या खुर्चीभोवती दिसला नसता."

त्यानंतरची निवडणूक मी हरलो. निर्णय बरोबरच होता असे मी आजही म्हणतो. ती अग्रलेख बरोबर होता म्हणते. आमचे जेवताना अजून वाजते.

३. बँकेतील ठेवी थोरल्या मुलाला. छापखाना पाडून दुकानांचे गाळे काढायचे त्याच्या मनात होते. त्याने छापखान्यावर हक्क सांगू नये आणि राग धरू नये. पोरगा मनाने चांगला आहे, फक्त त्याला शाईचा वास सोसत नाही.

४. टाकीचे ठेकेदार माझ्या अंत्ययात्रेला आले तर अडवू नये. भाषण मात्र करू देऊ नये. मी लाच खाऊन बातमी छापली, असे ते कोर्टात बोलले आणि तोंडावर पडले. तेवढे बोलणे पुरे.

५. माझा मृत्युलेख धाकटीनेच लिहावा. काल तिला विचारले, "काय लिहिशील?"

"खरं असेल ते."

"माझ्या विरुद्धही?"

"बाबा, तुमची बाजू आत्ताच लिहून द्या. अंक छपाईला गेला की मी कोणाचाच मजकूर घेत नाही."

असा संपादक मी घडवला. माझी बाजू वर आलीच आहे. तीत काटछाट करू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

(सही) संपादक

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. (सही) कुटुंबाचे डॉक्टर
२. (सही) शेजारचे घड्याळजी

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१८