आणू न दिलेली बंदूक

हर्नडन, खंडेनवमी, संध्याकाळ

पाटावर विळी आणि ह्यांचा जुना स्क्रूड्रायव्हर मांडून पूजा केली. ह्यांच्या माघारी एकटीनेच. शेजारचे म्हातारे वॉल्टर डबा परत करायला आले. आज आम्ही हत्यारं पुजतो म्हटल्यावर खुललेच. "आजोबांची बंदूक आणू?"

मी घाईने नको म्हटलं. मग ते दारातूनच सांगत राहिले. इथल्या घटनेत बंदूक बाळगण्याचा हक्क आला तेव्हा म्हणे गावकरी आपापली बंदूक घेऊन मैदानात जमायचे, कवायत करायचे. हक्क सगळ्यांनी मिळून उभं राहण्याचा होता, म्हणाले आणि गेले.

लेकीला फोनवर सांगितलं. वकील ना ती! "नो आई, कोर्ट म्हणतं, हक्क एकेकट्याचा."

असेल. पण ती बंदूक आणू द्यायला हवी होती. कुंकू लावलं असतं, चहा टाकला असता. दोन माणसं तरी जमली असती.