आईचं बी, ओन्नोचे पडदे

११ मार्च
उगवलं नाही. एकही नाही! तीन आठवडे खिडकीत ट्रे ठेवला, रोज पाणी शिंपलं, लहान बाळासारखं जपलं. नुसती माती. बरणीतलं बी म्हातारं होऊन मेलं आणि मला पत्ताच नाही.

आणि मी व्हर्डेलला फोनवर काय सांगून बसले? "आहे की माझ्याकडे! आईच्या कोलार्ड भाजीचं बी माझ्याकडे नाही तर कुणाकडे असणार?" मोठ्या बहिणीपुढे फुशारकी मारायची माझी खोड साठी उलटली तरी जात नाही. तिच्याकडचं सगळं बी फ्रीजर बिघडला तेव्हा कुजून गेलं. तिकडे अमेरिकेत, जॉर्जियातल्या बाकी कुणीच ठेवलेलं नाही, सगळे दुकानातून आणून खातात. ऑगस्टमध्ये घराण्याचा मेळावा आहे, आणि आईच्या अंगणात तेच बी पुन्हा पेरायचं ठरलंय. सगळ्यांदेखत. माझ्या भरवशावर.

आता एकच आशा. बागेतली रांग. हिवाळाभर कापली नव्हती, ती फुलावर आली तर.

१३ मार्च
रांग जिवंत आहे! एवढी थंडी, वर समुद्रावरचा तो वारा, आणि माझी कोलार्ड ताठ उभी. गड्डा नाही, नखरा नाही, पानं हत्तीच्या कानाएवढी. अमेरिकन सैन्याच्या पिशवीत मोज्यात बांधून आणलं होतं हे बी, एकविसाव्या वर्षी. इथला लष्करी तळ बंद झाला, सगळे परत गेले. मी राहिले, कोलार्ड राहिली. दोघींनाही जर्मनीतलं हे ब्रेमरहाफेन मानवलं.

कुंपणापलीकडे शेजारच्या वाफ्याचे म्हातारे त्यार्क्स होते. इथला नमस्कार केला, "मोईन." मी म्हटलं, "मोईन." इतक्या वर्षांत आमचं संभाषण एवढंच. चांगलं चाललंय, बिघडवायचं कशाला!

१९ मार्च
बिघडलं.

त्यांची केलची रांगही उभीच आहे. कुरळी, झिपरी, गुडघ्याच्या वर. मी सहज विचारलं, "कधी कापणार?" कारण केल आणि कोलार्ड म्हणजे सख्ख्या बहिणी, दोघी एकदम फुलल्या तर मधमाश्या इकडचं तिकडे करणार आणि आईचं बी आईचं राहणार नाही.

म्हातारा म्हणाला, "कापायची? फ्राऊ मोब्ली, हे बी माझ्या आईचं आहे. युद्धानंतरच्या हिवाळ्यात आम्ही सहा भावंडं ह्याच्यावर जगलो. यंदा बी धरायचं आहे." मग माझ्या रांगेकडे बोट दाखवून, "तुम्ही तुमचं ते तण कधी काढताय?"

२० मार्च
तण म्हणे!!

२७ मार्च
बागमंडळाच्या अध्यक्ष बेरेन्सबाई फेरीला आल्या. कुंपणाची उंची मोजली, आमचं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फुलं येईपर्यंत तुमचं तुम्ही मिटवा. नाही तर दोघंही उपटा. बागेत भांडण नको." उपटा! जसं काही गाजर.

संध्याकाळी अफ्रियेच्या दुकानात गेले. ती घानाची, तिच्याकडे केसांचं तेल, रताळी, सुकी मासळी आणि फुकट सल्ला, सगळं मिळतं. सगळं ऐकून ती इतकी हसली की गिऱ्हाईक दचकलं. "तुम्ही अमेरिकन! एवढा समुद्र ओलांडून आलात, आणि जर्मनांशी भांडायला विषय कुठला सापडला? कोबी!"
मी म्हटलं, "कोबी नाही ती."
"बाई, जा त्याच्याकडे. गोड बोल."
"मी गोडच बोलते."
"तू निवृत्त झालीस तरी अजून बस चालवत असल्यासारखी बोलतेस. 'मागे सरका, मागे सरका!'"

मेली खरं बोलते.

६ एप्रिल
आज धक्क्यावर मोठं प्रवासी जहाज लागलं होतं. बाजारात मी बटाटे निवडतेय आणि समोरून एक जोडपं आलं. आमच्यातलं, काळं, अमेरिकन. टोप्या, कॅमेरे, नवेकोरे बूट. त्या बाईची आणि माझी नजर मिळाली आणि झालंच ते. हनुवटी जराशी खाली, डोळ्याला डोळा. 'दिसलीस हं मला.' तळ बंद झाल्यावर ह्या गावात महिनेच्या महिने जायचे ही मानेची खूण मिळायला. आता अफ्रियेच्या रस्त्यावर गेलं तर मान दुखेल, इतकी माणसं. पण परक्या गावात ती पहिल्यांदा मिळाली की काय वाटतं, ते मी विसरलेले नाही.

लुइझियानाचे निघाले. ती जेनेव्हा, निवृत्त नर्स. "इथे राहतेस? एकटी? भीती नाही वाटत?"
मी म्हटलं, "भीती? ह्या गावातल्या निम्म्या पोरांना मी शाळेत पोचवलंय. आता ती पोरं वाढलीत, रस्त्यात मला वाट देतात."
सगळंच सांगितलं नाही. पहिल्या वर्षी एक म्हातारी बस चालवायला मला बघून उतरून गेली होती, पुढच्या बसची वाट बघत पावसात उभी राहिली. तेही खरं. पण पुढच्या हिवाळ्यात तीच माझ्यासाठी हातमोजे विणून घेऊन आली. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही माझं आहे. पाहुण्यांना पहिल्याच भेटीत कुठलं सांगायचं ते मी ठरवणार.

त्यांना बागेत नेलं. जेनेव्हा कोलार्डपुढे थांबली आणि तिचा चेहराच बदलला. पान दोन बोटांत धरलं. "माझ्या आजीच्या दारात होती अशीच. ती गेली आणि कुणी बी ठेवलं नाही गं." आणि रडायलाच लागली. नवरा बिचारा टोपी हातात घेऊन उभा. मी तिला चार पानं तोडून दिली. जहाजावर शिजवणार कुठे, देव जाणे!

कुंपणापलीकडे त्यार्क्स खुरपं हातात घेऊन उभे होते. इंग्रजी येत नाही त्यांना. पण रडणं येतं सगळ्यांना.

८ एप्रिल
फाटकावर त्यार्क्स! कुंपणावरून नाही, फाटकातून, स्वच्छ शर्ट घालून. काखेत जाळीच्या पडद्यांचं मोठं गाठोडं.

"त्या बाई कोण होत्या?"
"प्रवासी. ओळखीच्या नाहीत."
"मग रडल्या का?"
सांगितलं. आजीचं, आईचं, व्हर्डेलच्या फ्रीजरचं, मोज्यातल्या बियांचं. त्यांनी खाली बघून ऐकलं. मग म्हणाले, "तण म्हणालो ते चुकलंच माझं."

गाठोड्यातले पडदे त्यांच्या बायकोचे. हिल्केबाई गेल्या तेव्हापासून घडी घालून ठेवलेले. युक्ती साधी आहे. एक दिवस माझी रांग झाकायची, त्यांची उघडी. दुसऱ्या दिवशी उलट. मधमाश्यांना एका वेळी एकच दार उघडं. दोघांचं बी शुद्ध!

"पडदे खराब होतील," मी म्हटलं.
"नुसते कपाटात राहून काय चांगले राहिलेत?"

२ मे
फुलं! पिवळीजर्द. रोज सकाळी पडदा इकडून तिकडे. आता 'मोईन'नंतरही दोनचार वाक्यं होतात. आज थंडीवरून. पाल्यावर कडाक्याची थंडी पडल्याशिवाय तो गोड होत नाही, हे माझी आई म्हणायची. ते म्हणाले, "हे तर माझी आई म्हणायची!" दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

९ मे
कोपऱ्यातला वाफा नव्याने घेतलेला माणूस हात मिळवायला आला. मला विचारतो, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"
"ब्रेमरहाफेनची."
"नाही, म्हणजे खऱ्या कुठल्या?"
मी तोंड उघडायच्या आत कुंपणापलीकडून त्यार्क्स: "ही? ही पाच नंबर बसची! आणि तू रे कुठून टपकलास?"

घरी येईपर्यंत हसत होते. आयुष्यभर तो प्रश्न अंगावर झेललाय. आज पहिल्यांदा दुसऱ्याने झेलला.

१८ मे
आज एक घोळ झाला. लिहून ठेवते.

त्यार्क्सनी चहाला बोलावलं, त्यांच्या लाकडी खोपटात. ते जवळच्या पूर्व फ्रिसियाचे. त्यांचा चहा म्हणजे पूजाच. तळाला खडीसाखर, वरून साय, ढवळायचं नाही. एक कप झाला. ओतला दुसरा. तिसरा. आता उठावं, तर आमच्या घरची शिकवण अशी की वडीलधारा माणूस वाढत असताना नको म्हणायचं नाही आणि त्याच्याआधी उठायचं नाही. चौथा. पाचवा! पोटात नुसती खळखळ. गप्पा मात्र मस्त. त्यांनी हिल्केबाईंचं सांगितलं, मी आईचं. ते ओतत राहिले, मी पीत राहिले.

शेवटी त्यांनीच कासावीस होऊन विचारलं, "फ्राऊ मोब्ली, तुम्हाला बास कधी होतं?"
"तुम्ही थांबलात की!"
"पण तुम्ही चमचा कपात ठेवला नाहीत! चमचा ठेवेपर्यंत यजमानाने ओतत राहायचं असतं!"

हसून हसून खोपटं हललं. बाहेर आलो तर वाऱ्याने माझ्या रांगेवरचा पडदा उडवून पेरूच्या— नाही, पेअरच्या झाडाला टांगलेला. दोन्ही रांगा उघड्या आणि मधमाश्यांची जत्रा! किती वेळ, कोण जाणे. आम्ही गुपचूप पडदा बांधला. ते म्हणाले, "एवढ्याने काय होतंय!" मीही म्हटलं, "काही होत नाही."

निघताना हात पुढे केला. "आता अहोजाहो पुरे. मी ओन्नो."
"मी एर्लीन."
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस लाजला!

२४ जुलै
शेंगा वाळल्या. ओन्नो आणि मी समोरासमोर बसून चोळल्या, चाळलं, फुंकलं. दोन बरण्या. काळं, गोल, टपोरं बी. आई असती तर तळहातावर घेऊन नुसती बघत बसली असती. मला फार अभिमान वाटतोय आज. विमानातून न्यायचे सरकारी सोपस्कारही पुरे केले.

१६ ऑगस्ट, जॉर्जिया
"जर्मन आली! जर्मन आली!" ही आमची भाचेमंडळी. मिठ्या मारून बरगड्या दुखतायत. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, व्हर्डेलने आईच्या अंगणात सऱ्या ओढल्या आणि मी बी टाकलं. सगळ्यांदेखत. म्हाताऱ्या आत्या म्हणाली, "तू नेलंस म्हणून वाचलं गं!" एवढ्यासाठी पुढची दहा वर्षं मिरवेन मी.

मग ओसरीवर व्हर्डेलचं सुरू. "आता पुरे झालं. परत ये. खोली रिकामी आहे."
"माझं घर आहे तिथे."
"भाड्याच्या दोन खोल्या आणि भाजीचा वाफा. त्याला घर म्हणतात? तिथे कोण आहे तुझं?"

तोंड आहे मला केवढं! पण नातं कुठलं सांगू? पाच नंबरची बस, अफ्रियेचं दुकान, चमचा कपात ठेवेपर्यंत चहा ओतणारा म्हातारा... ह्यांना काय म्हणायचं? आपलं म्हणायला रक्त लागतं, असं तिचं म्हणणं. मी नुसती झोके घेत बसले आणि आतून तिच्यावर जळले.

३ सप्टेंबर
परत. स्टेशनवर ओन्नो. न सांगता आला होता! हातात फुलं नाहीत, काकडी. "जास्त झाल्या होत्या," म्हणाला.

१४ ऑक्टोबर
व्हर्डेलचा फोन. आवाज कडक. "बी छान उगवलं. पण पाच रोपं वेगळीच आहेत. पानांच्या कडा कुरळ्या. आईची अशी कधी नव्हती. काय केलंस तू?"

तो चहा! सगळं सांगितलं. ओन्नो, त्याची आई, पडदा, पाच कप. मग मीच म्हटलं, "उपटून टाक. बाकीची शुद्ध आहेत."

"उपटू?" व्हर्डेल म्हणाली. "एवढा समुद्र ओलांडून कुणी आईच्या अंगणात आलंय, त्याला उठवून लावू? आपल्याला असं वाढवलं का आईने?" मग वर, "आणि ऐक, चहा पिताना चमचा कुठे ठेवायचा ते मला आधीच शिकवून ठेव. फेब्रुवारीत मी तुझ्या घरी येतेय."

तुझ्या घरी, म्हणाली.