उणे पन्नासातलं बिऱ्हाड

४ मार्च, सोमवार

काही नाही. आजही काही नाही! भांडं थंड, स्वच्छ, मख्ख. कॅमेरा काचेतून आत बघतोय, मी कॅमेऱ्यातून बघतेय, आणि आत कोणीच नाही.

जगातलं जे जे म्हणून जिवंत, ते कार्बनचं आणि पाण्याचं — बुरशीपासून माझ्या सासूबाईंपर्यंत. आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंचा हट्ट एवढाच, की दुसऱ्या कशाचं जमतं का ते बघू. पाण्याऐवजी पातळ अमोनिया, उणे पन्नास अंशांवर. कार्बनऐवजी सिलिकॉन. त्यालाही कार्बनसारखे चार हात, तोही हात धरून साखळ्या करतो. पण स्वभावाने आळशी! ऑक्सिजन भेटला की वाळू होऊन जन्मभर बसून राहतो. म्हणून आम्ही त्याला थंडीत ठेवतो, थोडं थोडं खाद्य घालतो आणि वाट बघतो.

अठराला समिती येतेय. तोवर आत काही घडलं नाही तर भांडं बंद. बाई तशाही यंदा निवृत्त होणार. मी तळमजल्यावर, पिण्याच्या पाण्याच्या तपासणीला. दिवसभर बाटल्यांना चिठ्ठ्या डकवायच्या! मी नाही जाणार. म्हणजे, जावंच लागेल.

५ मार्च, मंगळवार

सकाळी नवरा बेकरीतून आला, पिठाने पांढरा. मी चहा घेत कपाळाला आठ्या घालून बसलेली. म्हणाला, "माझ्या यीस्टला चार तासांत इतकी पोरं झाली की पातेल्याचं झाकण वर आलं. तुझ्याकडे काय?" उशी फेकून मारली. उशी पांढरी झाली, नवरा तसाच.

सासूबाईंनी विचारलं, "समजा झालाच तसला प्राणी, तर तो जेवणार काय?" म्हटलं, सिलिकॉनची संयुगं. "आणि श्वास सोडला की?" म्हटलं, वाळू निघाली तर पंचाईत आहे. त्या म्हणाल्या, "केर काढून काढून जीव जाईल कुणाचा तरी."

७ मार्च, गुरुवार

हललं!!

८ मार्च, शुक्रवार

अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखं येतंय.

काल दुपारी भांड्यात खाद्य सोडायच्या तोटीजवळ एक थेंब दिसला. गोल, काठ चमकणारा. मला वाटलं, काचेवरचा डाग. पुसला — बाहेरून पुसून काय होणार, मूर्ख मी! तासाभरात थेंब लांबट झाला. मग मधे बारीक. मग दोन. दोन!! संध्याकाळपर्यंत पाच.

लांबूला हाक मारली. लांबू म्हणजे आमचा यंत्रवाला, पदार्थ कशाचा आहे हे त्याचं यंत्र सांगतं. धावत आला आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. बाई आल्या, पडद्यासमोर बसल्या, चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. आणि मग मला मिठी मारली. बाईंनी! बरणीचं झाकण उलटं ठेवलं म्हणून दोन दिवस अबोला धरणाऱ्या बाईंनी!

९ मार्च, शनिवार

आनंदाला दृष्ट लागू नये म्हणून सगळे शंका काढत बसलोय. लांबूने हळूच विचारलं, "तुमचे हे... बेकरीत ना?"

यीस्ट! माझ्या केसांतून, ओढणीतून आत गेलं असेल तर? उणे पन्नासाच्या अमोनियात यीस्ट काय, यीस्टचे पूर्वजही तग धरणार नाहीत. पण समिती विचारणारच. तेव्हा बाईंचं फर्मान: नमुन्याचा निकाल येईपर्यंत माझे कपडे वेगळे, टॉवेल वेगळा, खोलीही वेगळी. नवऱ्याची रवानगी मागच्या खोलीत. दारातून म्हणतो, "लग्नात ही अट नव्हती." सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या.

१२ मार्च, मंगळवार

यीस्ट नाही. नवरा सुटला.

लांबूने कागद माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी बघितलं. आलेखावरची ती खूण मी झोपेतही ओळखेन. रसायनात काम करणाऱ्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी तिला नवा शोध समजून उड्या मारलेल्या असतात.

ग्रीस. तोटी घट्ट बसावी, फिरवताना करकरू नये म्हणून लावतात ते ग्रीस. सिलिकॉनचंच असतं, म्हणून तर आम्ही फसलो. आणि ती तोटी कोण वंगणतं? बाई. स्वतः. ट्यूबचं आधी वजन, नंतर वजन, मधे करंगळीने एकसारखा थर. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, कारण आम्ही "धसमुसळे".

आता हे त्यांना सांगायचं कुणी?

१३ मार्च, बुधवार

लांबू म्हणतो, तुम्ही सांगा, तुमच्यावर माया आहे. मी म्हणते, तू सांग, तू उंच आहेस. दिवस असाच गेला. बाई समितीपुढच्या भाषणाची तयारी करत गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणता येतं हेच मला माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं.

१४ मार्च, गुरुवार

नाही सांगितलं. भित्री कुठली.

१५ मार्च, शुक्रवार

सांगितलं. दार लावून, एका दमात, जमिनीकडे बघत. वर बघितलं तर बाई टोस्ट खात होत्या.

"मला परवाच कळलं," म्हणाल्या. "लांबूने कागद टेबलावर उघडाच टाकला होता. तुम्ही दोघं कधी तोंड उघडताय ते बघत होते."

मी रडायला लागले. वेड्यासारखी. म्हटलं, म्हणजे सगळं संपलं.

"का संपलं? ग्रीस कुठून आलं ते कळलं. एकाचे दोन का झाले ते कळलं का?"

मी ओढणीने नाक पुसलं.

"पृथ्वीवरच्या पहिल्या जिवाने काय दुकानात यादी दिली होती? जे सांडलं होतं त्यातूनच उठला ना? आमच्याकडे ग्रीस सांडलं."

लांबू दाराबाहेर कान लावून उभा असणार, कारण बाहेरूनच म्हणाला, "पण बाई, ग्रीसमध्ये थोडा कार्बनही असतो."

"असू दे की. आपल्या हाडांत चुना आहे, म्हणून आपण चुन्याचे झालो का?"

१८ मार्च, सोमवार

समिती आली. बाईंनी उभं राहून पहिलंच वाक्य टाकलं, "हे ग्रीस आहे आणि ते मी लावलंय." समितीतले एक जण पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला.

मग थेंब दाखवले. आता चाळीसच्या वर आहेत. ठसकेवाले चिडले नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, "थेंब तुटतो, त्यात काय? तेलाचाही तुटतो. एका भाकरीचे दहा तुकडे केले म्हणजे भाकरी वाढत नाही. सगळे थेंब मिळून किती भरतात ते काढा. लावलं तेवढंच भरलं, तर हे नुसतं ग्रीस. भांडं बंद."

"आणि जास्त भरलं तर?" मी विचारलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मधे बोलायचं नसतं!

"जास्त भरलं, तर वरचं त्यांनी तुमचं खाद्य खाऊन स्वतः बनवलं. मग भांडं बंद करायची माझी तरी हिंमत नाही." शनिवारपर्यंत मुदत दिली.

माणूस आवडला. प्रश्न मात्र पाच दिवसांत सोडवायचाय.

२१ मार्च, गुरुवार

थेंब मोजतेय. एकेकाची रुंदी, त्यावरून वजन. डोळे गेले. नवऱ्याने डबा पोचवला, सोबत चिठ्ठी — "यीस्ट विचारतंय, भावंडं कशी आहेत?" फार हसले. मग आकडा विसरले. पुन्हा पहिल्यापासून!

२३ मार्च, शनिवार

तीनदा मोजलं. लांबूनेही वेगळं मोजलं. ट्यूबच्या दोन वजनांतला फरक, म्हणजे बाईंच्या करंगळीवरचं सगळंच्या सगळं ग्रीस आत गेलं असं धरलं, तरी आत आता त्याच्या दुप्पट आहे.

बाईंना फोन करून ओरडूनच सांगितलं. पलीकडून त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "भांड्यापाशीच आहेस ना? हळू बोल गं."