परिचारिकांच्या खोलीची पाटी

३ फेब्रुवारी ८६, सोम.
सौ. ड्यूटीवरून आली ती चपला न काढताच पाटावर बसली. चहा निवला. म्हणाली, एप्रिलपर्यंत बघते, मग राजीनामा. लग्नाआधीपासून नर्स आहे, हा शब्द पहिल्यांदा ऐकला.
तिच्याच बोरिवलीच्या इस्पितळात नर्सेससाठी विसाव्याची खोली करायचं काम मी घेतलंय. म्हटलं, खोली होऊ दे, मग ठरव.
"खोलीने काय होतंय हो."

९ फेब्रु., रवि.
नकाशा पुरा. सातवी पास सुतार मी, ड्रॉइंग कुणाकडे शिकायला गेलो नाही. बाकाला वेत विणणार. गादी घाम धरते. पायाकडची बाजू चार बोटं उंच, पाय सुजतात म्हणून. मापासाठी सौ.ला आडवी केली. माप घेता घेता झोपली. टेप तिच्याखालीच. ओढला नाही.

२२ फेब्रु., शनि.
खोली झाली. फिका पिस्ता रंग, खिडकीला तिरप्या पट्ट्या, दाराच्या चौकटीला रबर. दारावर सागाची पाटी, अक्षरं स्वतः कोरली: परिचारिका विश्रांती कक्ष. मेट्रनबाईंनी हात फिरवून बघितला. अख्ख्या बोरिवलीत अशी पाटी नसेल.

१ मार्च, शनि.
सौ. खोलीत जात नाही. बाकीच्याही नाहीत.
वेत टोचतो? "नाही."
रंग? "रंग झकास."
मग? वाटाणे सोलत राहिली. निम्मी सालं भांड्यात.

४ मार्च, मंगळ.
पाटीला पॉलिश करायच्या निमित्ताने खोलीबाहेर स्टुलावर बसलो. एक नर्स आत जाऊन आडवी झाली असेल नसेल, गोराईची एक कोळीण आली. नवरा वॉर्डात. पाटीवर बोट ठेवून मलाच, "सिस्टर आत हाय ना? उठव तिला. सलाईन संपत आलाय." नर्स उठून गेली. परत आली, तर एक म्हातारा, बेडपॅन पायजे. मग ती आलीच नाही.
घरी सौ.ला विचारलं.
"आधी चादरींच्या खोलीत गठ्ठ्यावर पाठ टेकायचो. तिथे कोण शोधत येत नव्हतं. तुम्ही दारावर पत्ता लिहून दिलात."
सांगितलं का नाहीस?
"कोरताना तुमचं तोंड बघत होते ना मी."


८ मार्च, शनि.
पाटी उतरवली. जागी पत्रा, रंगाने लिहिलेला: मळके कपडे. अक्षरं मुद्दाम गचाळ काढायला गेलो, जमेना. शेवटी डाव्या हाताने.

१३ मार्च, गुरु.
सौ. आली, दारात चपला काढल्या. गालावर वेताची जाळी उमटलेली. माझीच वीण, भोकं अष्टकोनी, एकसारखी.

१५ मार्च, शनि.
मेट्रनबाईंचा निरोप. सोमवारी ट्रस्टी खोली बघायला येणार, तो पत्रा काढा, सागाची पाटी लावा. एकदा ट्रस्टींनी बघितली की ती खाली येत नाही.
सौ.ला सांगितलं.
"लावा की. नाव होईल तुमचं."
चिडून म्हणाली नाही. आडवी होत म्हणाली, भिंतीकडे तोंड करून. एप्रिलचं विचारायचं धाडस झालं नाही.
खाटेखालून पाटी काढली, पुसली. 'क्ष' खरंच चांगला आलाय. परत फडक्यात बांधून ठेवली.
उद्या रविवार आहे.