आजीच्या पानातलं पीच

प्रिय इन-ग्यू,

काल फोन मीच आपटला. त्याची माफी मागायला हे लिहीत नाहीये, राग अजून तसाच आहे. आजीच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मेजावर पीच ठेवू या म्हटलं, तर काका म्हणाले, माझ्या आईलाच घराबाहेर हाकलायचंय का तुला? पीचने पितर पळतात, तिखटाने पळतात, लसणाने पळतात, हे आता ते मला शिकवणार! आजीच्या हाताखाली स्वयंपाकघरात मी उभी असायची, काका नव्हे. आणि तू, बाबांच्या मागे थोरला नातू, पितरांपुढे दारूचा पहिला प्याला ठेवायचा तो तुझ्या हातचा, तू काय म्हणालास? "काका म्हणतात तसं होऊ दे, ताई."

म्हणजे तिच्यापुढे येणार काय? कडक नाशपाती, चेस्टनट आणि मुळ्याचं मिळमिळीत सूप. दात तरी होते का रे तिला? लसूण-तिखटात मुरलेल्या लाल किमचीशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तीही बाद.

एकावन्न वर्षं तिने या घराच्या पितरांना जेवू घातलं. वर्षाला अकरा श्राद्धं. माशाचे काप अंड्यात बुडवून तळता तळता तिचे पाय सुजायचे. पुरुष आत वाकून नमस्कार करायचे आणि ही दाराआडून घाम पुसत बघायची. एकदा सासऱ्यांच्या श्राद्धाला माझ्या कानात म्हणाली, "जिवंतपणी मेल्याने कधी गोड शब्द काढला नाही. आता बघ, गोड खायला कसा वेळेवर हजर." मला हसू आवरेना, आणि बोलणी मीच खाल्ली.

पीच तेवढं तिचं स्वतःचं होतं. याच नियमापायी अंगणात झाड लावायची सोय नव्हती, म्हणून ती बाजारातून मार लागलेली, स्वस्तातली पीचं आणायची आणि मागच्या नळापाशी उकिडवी बसून खायची. रस कोपरापर्यंत ओघळायचा. आजोबा खाकरले की बाठ एप्रनच्या खिशात. मला अर्धं द्यायची आणि तुला सांगू नको म्हणायची, कारण तू चुगलखोर होतास. अजूनही आहेस. ही बाई आजोबांच्या संतापाला एकावन्न वर्षं पुरून उरली, घर सोडून गेली नाही, आणि ती एका पीचला भिऊन पळेल? काकांना आपली आई एवढीच कळली का?

शनिवारी मी आंदोंगला घरी येते आहे. तळायलाही बसेन, कुरकुर करणार नाही. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. दवाखान्यात, जायच्या चार दिवस आधी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पीचची एक फोड दे ग, एकच." डॉक्टरांनी साखर बंद केली होती. मी म्हटलं, आधी बरी हो, मग पेटीभर आणते. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. काकांवर मी एवढी आग पाखडते आहे, पण तिला नाही म्हणणारी मी होते, इन-ग्यू. पेटी मी आणते. तू फक्त एक पीच सोलून, बारीक फोडी करून तिच्या भाताशेजारी ठेव. काकांचं खरं निघालं आणि ती पळालीच, तर निदान खाऊन पळेल.

तुझीच,
ग्योंग-आ ताई