बोरमाळच्या विहिरीची चुकीची नोंद

मी, काकासाहेब रंगनाथ वाघचौरे, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त भूजल निरीक्षक, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. थकलंय, तेवढं खरं.

एक. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी रत्नमाला हिची. तिच्या पश्चात मुलगा गोकुळ व मुलगी अपेक्षा यांना निम्मे निम्मे. गोकुळने गच्चीवरची टाकी भरून वाहू देऊ नये. बारा वर्षं तोंडी सांगतोय, आता लेखी सांगतो.

दोन. पाण्याची पातळी मोजायला खडू लावून विहिरीत सोडायची पोलादी फीत आणि माझ्या एकतीस डायऱ्या अपेक्षाला. ती विद्यापीठात शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांवर संशोधन करते. "बाबा, आकडा नसेल तर गावाची तहान वर कुणाला दिसतच नाही," म्हणते. पोरी, आकडा चुकला तरी दिसत नाही. गेल्या दिवाळीत तिनेच आलेखावर बोट ठेवून विचारलं, मे २०१६ मध्ये, ऐन दुष्काळात, बोरमाळच्या विहिरीचं पाणी दीड मीटर वर कसं? मी विषय बदलला. उत्तर इथं देतो.

तीन. त्या मे महिन्यात मी बोरमाळला पोचलो तेव्हा विहिरीत नुकतेच दोन टँकर रिकामे केले होते. मेंढरं राखणारी मनकर्णाबाई काठावर होती. म्हणाली, "सायेब, हे टँकरचं पाणी हाय, जमिनीचं नाय. लिवू नका. उद्या या." उद्या परत चाळीस किलोमीटर कोण येणार? ऊन लई होतं. बाईला काय कळतंय, असं म्हणून मी फीत सोडली आणि दिसलं ते लिहिलं. विहिरीला पाणी आहे म्हणून टँकर सतरा दिवस बंद राहिला. मनकर्णाबाई पाण्यासाठी शेजारच्या गावच्या विहिरीत उतरताना पडली. उजवा पाय कायमचा अधू झाला. अहवालात गाव हिरव्या रंगात, म्हणजे टंचाई नसलेलं, आलं. आमच्या साहेबांनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला, त्याची लाज अजून वाटते. त्या साहेबांना माझ्या तेराव्याला बोलावू नये.

चार. अपेक्षाने हे पान जोडून नोंद दुरुस्तीचा अर्ज करावा. फेटाळला तर पुन्हा करावा. खरा आकडा मागतील. तो माझ्याकडे नाही. त्या रकान्यात 'मोजले नाही' एवढंच लिहावं.

पाच. गावाकडची दहा गुंठे जमीन मनकर्णाबाईच्या नावे लिहिली होती आणि साक्षीदारही तिलाच धरलं होतं. वकील म्हणाले, जिला द्यायचं तिचीच साक्ष नको, उद्या वाद होईल. बाईला बोलावून सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, जमीन घेता की साक्षीदार होता? तिने अधू पाय चोळला. मग म्हणाली, "जमीन ऱ्हाऊ द्या तुमच्या लेकरायला. त्या दिशी बी मी साक्षीलाच हुबी होते. तवा घेतली नाय. आता घ्या."

सबब कलम पाच खोडले. जमीन दोन्ही मुलांना.

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १४ मे २०२५

सही : का. रं. वाघचौरे

साक्षीदार
१. सुदर्शन भानुदास गाडेकर, शेजारी (सही)
२. मनकर्णाबाई कडूबा कोळेकर, राहणार बोरमाळ (डाव्या हाताचा अंगठा). कलम तीन पुन्हा वाचायला लावले. बरोबर आहे म्हणाली.